टोपणाखालचं इंजिन

फोन आला तेव्हा मी जव्हारच्या एसटी डेपोबाहेर चहा घेत होतो. "वसंता गेला..." त्याचा भाऊ म्हणाला, आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "अरे, पण विमानाचं टोपण बसायचंय अजून!" आजूबाजूचे लोक बघायला लागले. बघू देत.

वसंता माझा कचेरीतला मित्र, मूळचा मोखाड्याकडचा. बोहाड्याच्या उत्सवात घालून नाचायचा एक मुखवटा त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. कागदाचा लगदा लावून त्याची डागडुजी करायची, रंगवायचा, हे सगळं वसंताकडे. निवृत्तीनंतर तोच हात विमानांच्या छोट्या मॉडेलांकडे वळला आणि त्याने मलाही नादी लावलं. मग काय, आमचा रविवार म्हणजे त्याच्या खिडकीपाशी मांडलेलं टेबल!

शेवटचं विमान जुन्या काळातलं, नाकावर पंखा असलेलं. मॉडेलच्या खोक्यातलं इंजिन म्हणजे नुसती चकती हो! म्हणून वेगळं रेझिनचं इंजिन मागवलं. पार्सल उघडलं तेव्हा आम्ही दोघं म्हातारे नाचायचेच बाकी होतो. सुपारीएवढं इंजिन, आणि प्रत्येक सिलिंडरवर केसासारख्या बारीक रेघा! वसंताने जळक्या मोटरीतली तांब्याची तार सोडवली आणि चिमट्याने एकेका सिलिंडरला जोडली. मी जवळ वाकलो की ओरडायचा, "शिंकू नको रे बाबा, सगळं उडंल!"

...आणि मग इंजिनावरचं टोपण बसेना. रेझिनचं इंजिन प्लास्टिकच्या टोपणापेक्षा जरासं मोठं. मी म्हणालो, मार कानस सिलिंडरच्या डोक्यांवर, आत कोण बघतंय? असा भडकला म्हणता! "मुखवटा घट्ट झाला तर नाचणाऱ्याचं नाक कापतोस काय? मुखवटा आतून खरवडायचा." आणि त्याने मुखवट्याच्या कामातला काचेचा तुकडा काढला. मी घाबरलो. टोपण फाटलं तर दुसरं मिळणार नव्हतं. "बरं, रविवारी बघू," म्हणाला. तो रविवार काही आला नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर वहिनींनी बोलावलं. "भावजी, ते अर्धं विमान माझ्याच्यानं बघवत नाही. तुम्हीच पुरं करा." मी टेबलाशी बसलो. जरा चुकलो असतो तर वसंताचं शेवटचं काम माझ्याच हातून मोडलं असतं. काच घेतली, टोपण उजेडासमोर धरलं आणि थबकलोच. प्लास्टिकमधून उजेड आरपार येत होता! सगळीकडून एकसारखं खरवडलेलं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं. लबाड लेकाचा! माझ्यामागे काम उरकून ठेवलं होतं, आणि रविवारी माझं तोंड बघायचं म्हणून अवाक्षर बोलला नव्हता. टोपण हलकेच सरकवलं... टक्क! "बसलं! वहिनी, बसलं!" दुखवट्याच्या घरात मी पोरासारखा ओरडलो. वहिनी पदराला हात पुसत धावत आल्या, हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मीही रडलो, लाज कसली.

मी चिकटवायला ट्यूब उघडली, तर त्यांनी ती काढूनच घेतली. "नाय, नका चिकटवू. आल्यागेल्याला आतलं इंजिन दाखवल्याबिगर हे चहा देऊ द्यायचे नाहीत मला."

विमान अजून त्याच खिडकीपाशी आहे. परवा मी गेलो, तर वहिनींनी चिमटीत धरून टोपण काढलं, इंजिन माझ्यापुढे धरलं. मी बघितलं, मान डोलावली. मग त्या चहा ठेवायला आत गेल्या.