गाणं संपेपर्यंत न थांबणारी रिक्षा

तक्रारदार क्रमांक एक: सौ. कुंदा राऊत, शिक्षिका, राहणार माणिकपूर. तक्रारदार क्रमांक दोन: श्री. पास्कल लोपीस, केळीबागायतदार, राहणार भुईगाव. तक्रारदार क्रमांक तीन: खुद्द अर्ज लिहिणारा, म्हणजे मी. वसईच्या कोर्टासमोर झाडाखाली माझे टेबल आहे. घटनेची तारीख: एक नाही, रोजचीच. साक्षीदार: माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवरचा चहावाला आणि, वाचकहो, तिथून कधी रिक्षा केली असेल तर कदाचित आपणही. सामनेवाल्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तो सध्या गावात नाही, आणि ज्याला नोटीस बजावता येत नाही त्याच्या नावाने शाई खर्च करू नये, असा माझा नियम आहे.

ओळख पटण्यास एक खूण पुरेशी आहे. आपण मागून "आलं, थांबवा" म्हणालात की तो मान वळवत नसे. डावा हात तेवढा खांद्यावर उचली, तळवा आपल्याकडे, चौकातला हवालदार गाड्या अडवतो तसा. आणि म्हणे, "गानं संपूं द्या."

गाणे नेहमी एकाच माणसाचे असे. कुणी एक गायक, मूळचा मुंबईचा. स्वतःच लिही, स्वतःच चाल लावी, स्वतःच गिटार बडवी. कुठल्या कंपनीने त्याला दारात उभे केले नाही. मित्राच्या खोलीत त्याने एकच सीडीची तबकडी भरली होती. कुणी उतारू ती रिक्षात विसरून गेला. वर फोटो नव्हता, फक्त पेनाने लिहिलेले नाव होते. आमचा सामनेवाला त्या नावाचा भक्त झाला. पुढे ती गाणी तबकडीतून पेनड्राइव्हमध्ये आली, पण दुसऱ्या गायकाला त्या रिक्षात जागा मिळाली नाही.

यातले मुख्य गाणे इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचे. "टाकी भरली, मोटर बंद कर, माझं मन अजून अर्ध्यावर." एवढे म्हणून झाले की गिटार सुरू होई आणि संपता संपत नसे. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा तो आवाज. उतारूचे घर येई, मागे पडे. सामनेवाला चर्चला वळसा घाली, गाणे संपले की मगच परत दारात आणून सोडी. या वाढीव फेरीचे भाडे तो घेत नसे, हे न्यायाच्या दृष्टीने नमूद केले पाहिजे.

कुंदाबाई प्रथम माझ्याकडे आल्या त्या रागातच. पालकसभा त्यांच्याविना सुरू झाली होती. त्यांना कडक भाषा हवी होती. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले असले तरी कडक भाषेत माझा हात धरणारा वसईत नाही. मी "अपहरणसदृश कृत्य" असे लिहिले. बाईंनी ते दोनदा वाचले आणि त्यांचा राग निम्म्याने उतरला. मागोमाग पास्कल आला. नातीच्या बाप्तिस्म्याचे आइसक्रीम घेऊन तो भुईगावला निघाला होता. घराची गल्ली मागे पडली, पुढे समुद्र दिसू लागला, तोवर मांडीवर आइसक्रीमची बासुंदी झाली होती. तिसरा अर्ज माझा स्वतःचा. मला उशीर झाला नव्हता. परंतु ज्या इसमाविरुद्ध इतके चांगले अर्ज जातात, त्याच्या रिक्षात बसून आपण तक्रार करू नये, हे माझ्या दर्जाला शोभेना.

यानंतर सामनेवाला खुलासा लिहून घ्यायला आला, तोही माझ्याकडेच. आमच्या धंद्यात हे चालते. तुझ्यावरचे अर्ज मीच लिहिले आहेत, हे मी त्यास प्रामाणिकपणे सांगितले.

"वाचलं," तो म्हणाला. "अपहरन झकास लिवलंय. आता माझा पन तसाच कडक लिवा, अर्जीकाका."

अर्जीकाका हे संबोधन मला मान्य नाही. त्यावेळीही नव्हते. पण त्याने खुलाशात सांगितलेले एक वाक्य मी जसेच्या तसे उतरवून घेतले: "गानं अर्ध्यावर तोडनं हा गुन्हा हाय का नाय, ते आधी इचारा."

आता पुढचा भाग लिहिण्यास मला थोडा संकोच वाटतो. तक्रारदार क्रमांक एक काही दिवसांनी स्टँडवर दिसल्या. समोर रिक्षा रिकाम्या उभ्या होत्या, बाई बसत नव्हत्या. विचारले तर म्हणाल्या, "त्यांची येऊ दे ना. टाकीचं गाणं सकाळी ऐकलं की मुलांवर ओरडावंसं वाटत नाही." पास्कल चर्चच्या गायनमंडळात दुसरा सूर धरणारा, तो रिक्षात मागे बसून त्या रॉक गाण्यालाही दुसरा सूर धरू लागला. मी स्वतः घराच्या दोन इमारती अलीकडे "आलं, थांबवा" म्हणू लागलो. तो हात वर झालेला पाहायला मला आवडे. याहून अधिक मी कबूल करणार नाही.

आम्ही तिघांनी अर्ज मागे घेण्याचे अर्ज केले. परंतु कागद आरटीओच्या कचेरीत जितका सहज शिरतो तितका सहज बाहेर येत नाही. सामनेवाल्यास लेखी ताकीद आली: यापुढे एक जरी तक्रार आली तर परवाना रद्द. त्याने ती मला दाखवली. मी म्हटले, आता तरी दारात थांबत जा. तो म्हणाला, थांबीन, गाणे दारात संपले तर.

आणि मग तो चौथा इसम आला. उंच, वाळका, कानशिलावर पांढरे, विमा कचेरीत नोकरीला, वसईत नुकताच फ्लॅट घेतलेला. तो खऱ्या रागात होता. चालकास गाणे बंद करण्यास सांगितले, त्याने हात वर केला. पुन्हा सांगितले, पुन्हा हात. "सदर गाणे बालिश, कर्कश व ऐकण्यास असह्य असून" हे शब्द त्याने मला स्वतः सांगितले. मी लिहीत गेलो. शेवटी नाव विचारले. त्याने सांगितले आणि माझे पेन थांबले. ते नाव मी रिक्षात सामनेवाल्याच्या तोंडून रोज ऐकत होतो.

त्याच्या ते लक्षात आले. "सोडून बरीच वर्षं झाली," तो म्हणाला. "शेवटच्या कार्यक्रमाला खुर्च्या लावणारे जास्त होते, बसणारे कमी. तुम्ही कुणाला बोलू नका. अर्ज तेवढा पुढे पाठवा."

पक्षकाराचे गुपित मी फोडत नाही. परंतु आमच्या झाडाखाली एक जुनी चाल आहे. अर्ज कचेरीत देण्याआधी दोन्ही बाजूंना टेबलाशी बसवून एकदा चहा पाजायचा. निम्मे अर्ज त्या चहातच बुडतात. दुसऱ्या दिवशी मी दोघांना बोलावले. नावावर तळहात ठेवून अर्ज मोठ्याने वाचला.

परवान्याचे ऐकूनही सामनेवाला शांत होता. "बालिश" हा शब्द आला तेव्हा मात्र त्याने कप खाली ठेवला.

"टाकीचं गानं बालिश?"

"टाकी आणि मन," तक्रारदार म्हणाला. "विशीतल्या पोराने लिहिलेली ओळ आहे. बदलायला हवी होती."

"तुमी कोन बदलनार? ज्यानं लिवली त्याची ती." मग माझ्याकडे वळून, "काका, ह्यांना म्हनावं लिवून दाखवा अशी एक. विमा लिवनं सोपं हाय."

तक्रारदाराने चहाकडे पाहिले. मग विचारले, की एवढी रोजीरोटी पणाला लावून शेवटपर्यंत वाजवायचे कशासाठी?

सामनेवाल्याने हे मला कधी सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते. मी फक्त तक्रारींपुरते विचारतो.

"बायको दवाखान्यात होती तवा मी खाली रिक्षात बसून हेच ऐकायचो," तो म्हणाला. "एक दिवस वरून हाक आली. गानं तोडून पळालो. वर गेलो, तर ती गेली होती. गानं पुरं ऐकून गेलो असतो तरी काय फरक पडला नसता, ते मला कळतंय. पन तवापासून अर्ध्यावर तोडवत नाय."

मग तक्रारदाराच्या बोटांनी माझ्या टेबलाच्या कडेवर ताल धरला. फार हळू, जणू चोरून. आणि त्याने ती ओळ म्हटली. टाकी भरली.

मी सामनेवाल्याकडे पाहत होतो. त्या आवाजाला ओळखायला त्याला दुसरी ओळ लागली नाही. त्याचा चेहरा आधी पडला, मग लहान झाला, मग कसा झाला ते लिहिण्यास माझ्याकडे शब्द नाही, आणि असे मी सहसा म्हणत नाही. एवढ्यात कोर्टाचा शिपाई कुणाच्या तरी नावाचा पुकारा करीत बाहेर आला. सामनेवाल्याचा डावा हात वर गेला, तळवा शिपायाकडे. शिपाई थांबला. पुकारा अर्धाच राहिला.

शेवटची गिटार त्या माणसाने तोंडाने वाजवली. पूर्ण.

"ही लई लांबवली तुमी," सामनेवाला डोळे पुसत म्हणाला. "माझ्यावर किती अर्ज झाले."

तक्रारदाराने अर्ज मागितला, फाडला आणि तुकडे खिशात घातले. माझी ती चांगली मेहनत होती, पण मी हरकत घेतली नाही.

इथवर सर्व ठीक झाले. तक्रार आता सुरू होते. तो गायक पुन्हा गाऊ लागला. पहिला कार्यक्रम भुईगावला, पास्कलच्या अंगणात. पास्कलने दुसरा सूर धरला, कुंदाबाईंनी शाळेतल्या इतर शिक्षिका आणल्या. बसणारे इतके झाले की खुर्च्या लावणाऱ्यांना उभे राहावे लागले. मग नाशिक झाले, पुणे झाले. विमा कचेरी सुटली. गिटारी आणि पेट्या नेण्यास गाडी हवी होती, चालवणारा हवा होता, आणि गाणे अर्ध्यावर सोडू न देणारा कुणी जवळ हवा होता. सामनेवाला एका सकाळी स्टँडवर सर्वांना चहा पाजून निघाला. त्याची रिक्षा त्याच्या दारात ताडपत्रीखाली उभी आहे. मी जाऊन पाहिली.

आता आम्हांस दुसऱ्या रिक्षा मिळतात. त्या वेळेवर येतात. त्यांतही कुणाचे तरी गाणे चालू असते. घर आले की चालक ते मध्येच तोडतो आणि रिक्षा बरोबर दारात थांबते. कुंदाबाई शाळेच्या फाटकाशी क्षणभर तशाच बसून राहतात. मी परवा "आलं, थांबवा" म्हणालो आणि ती खरोखरच थांबली. उतरावे लागले, आणि राहिलेल्या दोन इमारती चालत गेलो.

सबब विनंती की, सामनेवाला आपणांस कुठल्याही गावी, कुठल्याही कार्यक्रमाच्या दारात आढळल्यास त्यास कळवावे, की त्याच्याविरुद्धच्या सर्व तक्रारी तक्रारदारांना पुन्हा करावयाच्या आहेत. तरी त्याने समक्ष हजर राहावे. गाणे चालू असल्यास घाई नाही. संपूं द्यावे. मग मात्र त्यास परत पाठवावे आणि तसे लेखी उत्तर खाली सही करणाऱ्यास, कोर्टासमोरील झाडाखाली, मिळावे.