खंडेनवमीचा लॅपटॉप

ह्यांनी अख्ख्या तालुक्याचे आवाज रेकॉर्ड केले, पण स्वतःचा कधी केला नाही. ह्यांचा आवाज आता एकाच ठिकाणी उरलाय, आणि तोही माझ्या वेडेपणामुळं.

आमचे हे दिवसा एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात. पेटी, ढोलकी, वाजवणारे असा सगळा संसार टेम्पोत भरून अंबडपासून केदारखेड्यापर्यंत फिरायचे. पुढं वाजवणारे एकेक करून पांगले, तेव्हा ह्यांनी एक जुना लॅपटॉप घेतला. ढोलकी, तबला, बासरी, सगळं त्याच्या पोटात. गावोगावच्या गाणाऱ्यांचे आवाजही त्यावरच रेकॉर्ड करायचे. अंबडच्या एका लग्नात नवरदेवाचा मामा स्टेजवर चढला.

"मास्तर, बाकीचे जेवायला गेले का?"

"हां, येऊनच राह्यले," हे म्हणाले आणि एकट्यानं सगळा मांडव नाचवला.

मी तेव्हा स्वतःला मोठी गायिका समजायचे. भांडवल काय, तर गल्लीतल्या चार हळदी. माझं हळदीचं गाणं रेकॉर्ड करून ह्यांना ते लग्नांत वाजवायचं होतं. दसऱ्याचा मुहूर्त ठरला. आदल्या दिवशी खंडेनवमी. पेटी-ढोलकीची पूजा होते, मग ह्यानंच काय पाप केलंय, म्हणून ह्या गायिका बाईसाहेबांनी लॅपटॉपही पाटावर उघडून मांडला. खालच्या लांब आडव्या बटणाला ओलं हळदकुंकू लावलं, वर अक्षता वाहिल्या. रेकॉर्डिंग सुरू आणि बंद व्हायचं ते नेमकं त्याच बटणानं.

दसऱ्याला जरीची साडी नेसून माइकपुढं बसले, जशी काही साडीच रेकॉर्ड होणार होती. पंखा बंद, कुकर बंद. ह्यांनी बटण दाबलं, म्हणाले, "हं, म्हण." मी म्हटलं. गाणं संपल्यावर ह्यांनी पुन्हा दाबलं आणि आम्ही निवांत बोलत बसलो. बटण दबलंच नव्हतं. पहिल्यांदा दाबलं तेव्हाच अक्षतेतला तांदूळ खाली जाऊन अडकला होता.

"बराबर झालं का हो?"

"बिलकुल बराबर. मधी मधी जरा म्हशीवानी हंबरून राह्यल्ती."

"मंग म्हैसच आणून बसवा इथं!"

"न्हाई बाई, हीच बरी. जरी न्हाई नेसत म्हैस." मग ह्यांचं ते खो खो हसणं. "अगं, ऐक ना, तुला एक..."

तेवढ्यात लाइट गेली. बॅटरीत दम नव्हता, लॅपटॉप तिथंच मेला. पुन्हा सुरू केल्यावर कळलं, तोवरचं सगळं आत साठलंय. "ते म्हशीचं आधी काढून टाका," मी हटून बसले. हे म्हणाले, "असू दे. भांडलीस की ऐकवीन." ऐकवायची वेळ काही आली नाही. आधी हेच गेले.

नंतर मुलानं तो लॅपटॉप उघडला, तेव्हा मी पदराचं टोक चावत उभी होते. निघालं. मुलानं ते मोबाइलवर घालून दिलं.

मी गाणं पुढं ढकलते. ह्यांचं खरंच होतं, हंबरतेच ती बाई. जिवाचा कान करून ऐकते ते पुढचं. "तुला एक" नंतर काय होतं, ते आठवत नाही. लाइट जाताच त्या जरीवालीला कुकर आठवला असणार, उठली असेल लगबगीनं. अगं, बसायचंस की जरा!

आवाज तुटतो. मी मोबाइल कानाशी तसाच धरून ठेवते आणि म्हणते, "हं, म्हणा."