टोपीखालची रोवणी

मूल गावातल्या आमच्या कचेरीतले बडे बाबू, सगळ्यांचे भाऊ, भर मे महिन्यातही टोपी काढत नसत. "भाऊ, टोपीत अंडी उबवून राह्यले का?" असं कोणी विचारलं, की ते हसत आणि फाईल उघडत.

मी घरातला पहिला पदवीधर. पंचविशीतच टक्कल पडू लागलं. मुली पाहायला सुरुवात व्हायची होती, म्हणून मुंबईला जाऊन केस रोवून घ्यायचं ठरवलं आणि रजेचा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. कारण वाचून त्यांनी दार लोटलं आणि टोपी काढली.

कपाळावर केसांचे सुटे झुबके उभे होते. माझं बोट धरून त्यांनी डोक्यामागच्या खड्ड्यांवरून फिरवलं.

"मागचे काढून समोर लावले. मधले झडत गेले, हे असे उरले. रोवणीसाठी धानाचे परे, म्हणजे रोपं, उपटले त वाफ्यात पुन्हा पेरता येते बाबू, इथी नाई. तेल लाव, औषध लाव. नाई जमलं त बंद करता येते. हे कसं बंद करू?"

मी अर्ज परत घेतला.

पुढे मार्कंडा देवस्थानाजवळच्या गावी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा तिच्या वडिलांनी विचारलं, "केस काऊन गेले?"

"अजून जाऊन राह्यले," मी म्हणालो. सगळे हसले, तीही. मलाही हसता आलं, ते भाऊंमुळे.