सगळ्यात जड फोल्डर

ध्वनिमुद्रणाच्या त्या स्टुडिओत तिला सगळे ताई म्हणायचे, मालक सोडून. मालक तिचा मामेभाऊ. नोकरीला त्यानंच लावलेलं, आणि ती त्याला चारचौघांतही दादाच म्हणायची. सर्व्हर सांभाळणं हे तिचं काम.

डिस्क भरत आली होती. एकदा गाणं ऐन रंगात असताना ‘जागा शिल्लक नाही’ म्हणत रेकॉर्डिंग बंद पडलं आणि गायिका तणतणत निघून गेली.

“जागा कोण खातंय ते शोध,” दादा म्हणाला.

ताईनं खपून एक स्क्रिप्ट, म्हणजे संगणकासाठी छोटासा प्रोग्राम, लिहिली. ही स्क्रिप्ट एकेका फोल्डरमध्ये शिरायची, आतल्या सगळ्याची बेरीज करायची आणि सगळ्यात जड फोल्डर सगळ्यात वर, असा मेल दर सोमवारी दादाला आणि ताईला पाठवायची. पहिल्या खेपेला बेरीज डिस्कपेक्षाही मोठी आली. आतली फोल्डरं दोनदा मोजली जात होती! ताई स्वतःशीच हसली आणि तिनं ते दुरुस्त केलं.

सगळ्यात वर नाव आलं रेकॉर्डिस्टकाकांचं. तिला हाताला धरून काम शिकवलं ते यांनीच. त्यांच्या फोल्डरात आयुष्यभर जमवलेले आवाज होते: हयात नसलेल्या गायकांच्या तालमी, बंद पडलेल्या कारखान्यांचे भोंगे, काम करता करता गुणगुणणारी त्यांची बायको.

“म्हणजे गदा माझ्यावर,” काका म्हणाले. “सगळं घरी नेऊन ठेवू का गं?”

ती दादाला विचारायला गेली.

“अगं, नुसतं बघायचंय. काकांना विचारल्याशिवाय मी हात लावीन का? शब्द देतो.”

तिनं ते काकांना सांगितलं. “तू म्हणतेस ना, मग झालं,” म्हणून ते निर्धास्त झाले.

पुढच्या सोमवारी मेलमध्ये काकांचं फोल्डर नव्हतंच. स्क्रिप्ट बिघडली असेल असं वाटून तिनं सर्व्हर पाहिला, मग बॅकअप. दोन्हीकडे जागाच जागा.

“नवं मोठं काम येतंय, जागा लागणार होती,” दादा मान वर न करता म्हणाला.

“शब्द दिला होतास.”

“धंद्यात असं धरून बसून चालत नाही. आणि यादी तूच केलीस ना?”

दुपारी सगळ्यांसमोर तो म्हणाला, “ताईंच्या यादीप्रमाणेच साफसफाई झालीय.” त्या दिवशी पहिल्यांदाच तो तिला ताई म्हणाला.

पुसलेलं परत मिळवण्यासाठी तिनं जंग जंग पछाडलं. हाती आले ते बिननावाचे, अर्धेमुर्धे तुकडे. ते एका डिस्कवर घेऊन ती काकांच्या घरी गेली.

“या, बसा,” काका म्हणाले. आजवर ते तिला अगं-तुगं करायचे.

“काका, मला खरंच माहीत नव्हतं हो.”

“नसेलही. पण मी तुमच्या शब्दावर राहिलो.” त्यांनी डिस्क घेतली, टेबलावर ठेवली, आणि चहा घेणार का, असं परक्यासारखं विचारलं.

महिनाअखेरीस तिनं नोकरी सोडली. दादाचे फोन येतात, ती उचलत नाही. “मामाचा मुलगा तो, असं तोडून टाकतात का?” आई अजून म्हणते. ताई भांडी पुसत राहते.