देवासच्या कोयीचा आंबा

धारला दरबारच्या बागांवर मी देखरेख करीत असे. झाडांतले मला सगळे कळते, असा माझा ताठा होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे आई मला उद्देशूनच म्हणे आणि मी हसून सोडून देई.

बायको माझी देवासची. लग्नानंतर पहिल्याच ज्येष्ठात ती माहेरी गेली आणि तिच्या देखत तिथल्या परसातला आंबा वादळात मुळासकट पडला. त्याची एक कोय तिने पदराच्या गाठीत बांधून धारला आणली. त्या आंब्याचे फळ मी कधी चाखलेच नव्हते.

"कोयीचं झाड आईवर जातंच असं नाही," मी तिला म्हटले.

"गेलं की नाही, ते माझी जीभ सांगेल," ती म्हणाली.

कोय आमच्या परसात रुजली. आधी तांबूस, लोंबती, लुसलुशीत पाने आली. ती पोपटी झाली, मग गर्द हिरवी. दर पालवीला झाड वीतभर चढे. तिसऱ्या वर्षी ते तिच्या खांद्याला लागले, पाचव्या वर्षी माझ्या डोक्यावरून गेले. पाणी तीच घाली. दुसऱ्या कुणी घातलेले तिला चालत नसे.

सातव्या माघात शेंड्यांचे डोळे फुगले आणि गुलाबी देठांचे तुरे बाहेर पडले. ती धावतच मला सांगायला आली. मी शिडी मागवली. पहिला मोहोर खुडला की बळ लाकडात जाते, हा आमच्या बागेतला नियम. तो कोवळ्या कलमांसाठी होता, सात वर्षांच्या झाडाला त्याची गरज नव्हती. पण नियम म्हणजे नियम.

"एक तुरा तरी राहू द्या ना," ती म्हणाली.

शिडी धरून उभा असलेला माळीही म्हणाला, "एक डाल रेवा दो साब, झाड नी मरे."

माळ्याने मला शिकवावे, याचाच मला राग आला. "सात वर्षं थांबलीस, आणखी एक वर्ष थांब," असे तिला सुनावून मी शेवटचा तुरासुद्धा खुडला. तिने ते सगळे पदरात गोळा केले आणि देवापुढे नेऊन ठेवले. रागावली नाही. रागावली असती तर आज मला बरे वाटले असते.

कार्तिकात तिला ताप येऊ लागला. पौषात ती गेली.

माघात झाड मोहोराने लगडले. मला ते बघवेना. धुके पडून सगळे करपू दे, असे मी मनात म्हटले. जन्मभर झाडे जपणारा मी. करपले नाही. मोहोर झडून मोहरीएवढी, मग वाटाण्याएवढी फळे धरली. चैत्रात कैऱ्या झाल्या, आतली बाठ टणक होत गेली. वैशाख संपता संपता देठाजवळचे खांदे भरले आणि एका सकाळी पहिले पिकले फळ आपोआप गळाले.

ते धुऊन मी परसातच उभ्याने खाल्ले. गोड होते, शेवटी किंचित आंबट. देवासच्या झाडावर गेले होते की नाही, कुणाला विचारू? तिच्या माहेरी आता कुणीही उरले नव्हते. मी तिथेच मटकन बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. एक तुरा ठेवला असता, तर तिने खाऊन सांगितले असते.