मधाखालचा वास

बाबांच्या पंच्याहत्तरीला धाकटा भाऊ मुंबईहून आला, तो एक बाटली टॉवेलात गुंडाळून छातीशी धरून. कोकणातल्या आमच्या नांदगाव स्टेशनापासून घरापर्यंत रिक्षातही त्याने ती खाली ठेवली नव्हती. जेवणानंतर घ्यायची गोड वाइन. परदेशातल्या एका जुन्या मळ्यातली, क्वचितच हाती लागणारी. दोन वर्षे त्याने ती या दिवसासाठी राखून ठेवली होती.

बांगड्याच्या तिखल्यातले तिरफळ अजून जिभेवर झिणझिणत होते, तेव्हा त्याने चहाच्या लहान ग्लासांत ती ओतली. रंग जुन्या मधाचा, असे तो म्हणाला. मला मात्र वाळत आलेल्या जखमेवरची लस दिसली. ग्लास कलता केला, की काचेला धरून ती सावकाश खाली उतरे.

"द्राक्षांवर बुरशी चढेपर्यंत ती वेलीवरच ठेवतात," तो अभिमानाने सांगत होता. "सगळी गोडी त्या बुरशीची."

"बुरशी इली तर आमी टाकून दितंव रे," आई म्हणाली आणि ग्लासाला न शिवता ताटे उचलू लागली.

बाबांनी आपला ग्लास माझ्याकडे सरकवला. सोलकढी उतरली की नाही, लोणच्यात मीठ बसले की नाही, हे या घरात माझ्या लहानपणापासून माझ्याच जिभेने ठरवले आहे. "सांग गो चेडवा. खरा सांग."

भाऊ माझ्याकडे पाहत होता. आठव्या वर्षी त्याला शिकायला मुंबईला काकांकडे धाडले. मोठा झाल्यापासून तो येताना बाबांसाठी काहीतरी घेऊन येतो. घड्याळ, शाल, दुर्बीण. बाबा "बरा आसा" म्हणतात आणि वस्तू कपाटात ठेवून देतात. ही एकच भेट कपाटात ठेवता येणार नव्हती. ती त्याच्या देखत घ्यावी लागणार होती.

मी घोट घेतला. आधी गोडवा, दाट, टाळूला लिंपून बसणारा. मग त्या गोडव्याच्या तळातून दुसरेच काही वर आले. परसातल्या काजींखालचे ऊन. उन्हात फुगून फुटलेल्या बोंडवांचा, काजूच्या रसाळ फळांचा ढीग, त्यावर घोंगावणारी चिलटे, आणि ढिगाशी बसून एकेक बी पिळून वेगळी करणारी मी. रस कोपरापर्यंत ओघळे. हात कितीही घासले, तरी भाताच्या घासाला तोच आंबूस, सडका वास. कित्येक उन्हाळे मी चमच्याने जेवले. आता तो वास माशावर आणि तिरफळावर चढला होता.  भाऊ पाहत होता, म्हणून घोट गिळला.

"कुजलेले बोंडू," मी म्हणाले.

बाबांनी ग्लास नाकाशी नेला आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा हसले. "खरा गो. उन्हात रवलेले बोंडू." त्यांनी ग्लास खाली ठेवला.

भावाने आपला ग्लास पुन्हा हुंगला. "कसला वास? मला तर मधच येतोय."

"तुका काय म्हायत," बाबा सहज म्हणाले. "तू खंय होतंस तेवा हय?" ते खरेच होते. सुट्टी लागून तो यायचा, तोवर काजींचे काम आवरत आलेले असे.

"मी गेलो नव्हतो, बाबा. धाडलं होतं मला."

 बाबांनी ग्लास उचलला आणि काढा घ्यावा तसा एका दमात रिकामा केला.   "बरा आसा" ते या वेळी म्हणाले नाहीत. त्यांनी रिकामा ग्लास पुन्हा भावापुढे धरला.

सकाळी उठले तरी टाळूवरचे ते लिंपण गेले नव्हते. परसात गेले, तर भाऊ काजीखाली उकिडवा बसलेला. एप्रिल चालू होता. खाली बोंडवांचा सडा. त्यातला एक फुटका त्याने नाकाशी धरला होता, रस मनगटावरून ओघळत होता, चिलटे तोंडाभोवती फिरत होती.

"हाच ना, ताई?"

"हाच."

त्याने डोळे मिटून पुन्हा लांब श्वास घेतला. मी ओढणी नाकावर धरली. तो उठेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. नाकावरची ओढणी मात्र काढली नाही.