न चाखलेलं सार

डब्लिनला आल्यावर पहिली दोन वर्षं मी घरात बसून काढली. नवरा सकाळी चेरीवूडच्या ऑफिसात जायचा, संध्याकाळी यायचा, आणि मधल्या वेळात मी भांडी घासायची, घासलेली पुन्हा घासायची. पुण्यात मी शाळेत शिकवत होते, दिवसभर पोरांवर ओरडत होते. इथे ओरडायला एकटा नवरा, तोही उलट उत्तर न देणारा. जोडीदारांना कामाचं परमिट मिळायला लागलं आणि त्याच्या ऑफिसजवळच्या कॅफेत स्वयंपाकघरात बाई हवी आहे असं कळलं, तेव्हा मी टुणकन उठलेच. मालकीण म्हणाली, आठवडाभर बघते, जमलं तर ठेवते. मला ती नोकरी हवी होती. अगदी मनापासून हवी होती.

मालकीण साठीची, बोलायला गोड आणि कामाला खाष्ट. ती नुकतीच अमेरिकेत बहिणीकडे राहून आली होती आणि तिथलं एक खाणं डोक्यात घेऊन आली होती: बिस्किटात रोस्ट बीफ आणि सोबत बुडवून खायला वाटीभर गरम रस्सा. हे बिस्किट चहातलं नव्हे. स्कोन नावाचा इथला गोडसर पाव असतो, त्याचा हा बिनसाखरेचा, पापुद्रे सुटणारा भाऊ. थंड लोणी पिठात चोळायचं, लाटायचं, घडी घालायची, पुन्हा लाटायचं. चिरोट्यांवर हात बसलेल्या बाईला यात काय अवघड? पहिल्याच दिवशी माझी बिस्किटं अशी फुलली, की मालकीण "ग्रँड! ग्रँड!" करत प्रेसमधून, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, चांगल्या बशा काढायला धावली.

अडचण होती बीफची. मी ते खात नाही, आणि हे तिला सांगितलं नव्हतं. जी चाखत नाही तिला स्वयंपाकघरात कोण ठेवील? म्हणून मी स्वतःपुरतं एक धर्मशास्त्र तयार केलं: हातमोजे घालून कापलं तर चालतं, जिभेला लागलं तर नाही. मांस ती भाजायची, मी पातळ काप करायची. सगळं सुरळीत चाललं होतं. शुक्रवारी मात्र ती म्हणाली, "आज रस्सा तू कर. दुपारी खाऊन बघते आणि तुझं काय ते ठरवते."

भाजलेल्या ट्रेमधला रस, परतलेला कांदा, थाइमचा सुवासिक पाला, मिरी, पाणी. रस्सा उकळायला लागला आणि मी मिठाचा डबा घेऊन ढिम्म उभी. तेव्हा मला सासूबाई आठवल्या. लग्नानंतरच्या पहिल्या गौरींना त्यांनी नैवेद्याची कटाची आमटी माझ्यावर सोपवली होती. देवाच्या आधी चाखायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. "वासावरून ओळख," म्हणाल्या. आमटी अळणी झाली. "देव काही बोलले नाहीत," जेवताना त्या म्हणाल्या, "पण मी बोलणार." पुढे दर सणाला त्या बोलत गेल्या आणि माझा हात बसत गेला.

तोच हात मी त्या पातेल्यावर धरला. वाफ हुंगली, मीठ टाकलं, थांबले, पुन्हा हुंगली, आणखी एक चिमूट टाकली. बिस्किट उघडून काप भरले, शेजारी रश्श्याची वाटी ठेवली. इथवर ठीक होतं. पण हात एकदा नैवेद्याला लागले की ते मधेच थांबत नाहीत. मी सँडविचवर तुळशीच्या जागी पार्स्लीचं पान ठेवलं, ओंजळीत पाणी घेऊन बशीभोवती फिरवलं आणि डोळे मिटून "प्राणाय स्वाहा" पुटपुटले. "अपानाय"पर्यंत पोचल्यावर आपण कुणाला काय दाखवतोय ते लक्षात आलं.

डोळे उघडले तर समोर मालकीण.

"ग्रेस म्हणत होतीस?" तिने हळूच विचारलं. ग्रेस म्हणजे त्यांची जेवणाआधीची प्रार्थना.

"हो." तेवढं तरी खोटं नव्हतं.

"मग पहिला घोट तूच घे."

आता लपवणार काय? मी सगळं सांगून टाकलं. खात नाही, चाखलेलं नाही, आमच्याकडे देवासाठी असंच रांधतात. मला रडू येत होतं. सांगता सांगता मी एप्रनची गाठही सोडायला लागले.

"न चाखता मीठ घातलंस?"

तिने सँडविच रश्श्यात बुडवून खाल्लं. पुन्हा बुडवलं. मग ते बाजूला ठेवून वाटीच तोंडाला लावली.

"मी जन्मभर चाखून मीठ घालतेय," ती म्हणाली, "आणि गिऱ्हाइकं जन्मभर पाणी मागतायत. बांध ती गाठ. सोमवारी वेळेवर ये. आणि ती ग्रेस रोज म्हणायची."

रोज म्हटली. फक्त बशी बदलली. पाणी फिरायचं ते जॅम लावलेल्या स्कोनभोवती.

पण सोमवार उजाडायच्या आधी, रविवारी, फोनकार्ड खरवडून मी पुण्याला सासूबाईंना फोन लावला.

"आई, नोकरी लागली! कॅफेत."

"अगं वा! काय करतेस तिथे?"

"सार. न चाखता केलं. मीठ अगदी बरोबर पडलं."

"पडणारच. हात कोणी बसवलाय?" त्या खुशीत म्हणाल्या. "कसलं सार गं?"

मी फोनकार्डावर किती मिनिटं उरली ते बघायला लागले. सासूबाई हुशार, इकडे लोक काय खातात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"बरं," शेवटी त्या म्हणाल्या. "मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. पण आपला नियम सोडू नकोस हं. अजिबात चाखायचं नाही."